लिनक्स ऑडिओ सिस्टिमचं अपग्रेड

लिनक्सवर रेकॉर्डिंग, मिक्सिंग, मास्टरिंग अशी पोटापाण्याची कामं करणारे लोक आपली ऑपरेटिंग सिस्टिम पुढच्या आवृत्तीवर नेतात, त्याबद्दलची ही नोंद. घरच्या लॅपटॉपचं अपग्रेड झालं की ब्राउझर उघडला, वायफाय लागलं, प्रिंटर दिसला, संपलं. ऑडिओवाल्याचं तेवढ्यावर भागत नाही. माइकसमोर गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा ऐकू आला तर तो गाऊच शकत नाही, आणि पूर्ण टेक छान झाल्यावर मधेच कुठेतरी 'टक्' आवाज सापडला तर तो टेक गेला. पहिल्या भानगडीला लेटन्सी म्हणतात, दुसरीला एक्सरन, आणि अपग्रेड जमलं की नाही हे या दोनच गोष्टींवरून ठरतं.

हिशोब सोपा आहे. साउंड कार्ड आवाजाचे नमुने थोडे थोडे गोळा करून प्रोसेसरकडे देतं, त्या गठ्ठ्याला बफर म्हणायचं. सेकंदाला ४८,००० नमुने आणि बफर १२८ चा असेल तर एक गठ्ठा २.६७ मिलिसेकंदांचा होतो, २५६ ला ५.३३, १०२४ ला साधारण २१. आवाज आत येताना एकदा आणि बाहेर जाताना परत एकदा हा वेळ जातो, वर युएसबीचा आणि कन्व्हर्टरचा वेळ वेगळा. मिक्सिंग करताना १०२४ असलं तरी कुणाचं काही अडत नाही, पण तबलेवाल्याला हेडफोनमधून स्वतःचा हात ऐकवायचा असेल तर १२८ च्या आसपास यावंच लागतं, तबल्याचा ठोका इतका टोकदार असतो की थोडा उशीरही लगेच कळतो. बफर लहान केला की प्रोसेसरला दर २.६७ मिलिसेकंदांनी न चुकता हजर राहावं लागतं, एकदा जरी चुकला की एक्सरन. म्हणजे मशीन किती वेगवान आहे यापेक्षा ते किती वक्तशीर आहे याला इथे जास्त किंमत आहे, म्हणूनच भारी प्रोसेसर घेऊनही टकटक ऐकणारे लोक भेटतात.

हा वक्तशीरपणा कर्नलमधून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातून येतो. साधारण २००४-०५ पासून इंगो मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर आणि मंडळी रिअल-टाइमचे पॅच, म्हणजे काम ठरल्या वेळेत व्हावं म्हणून कर्नलच्या कोडमध्ये केलेले बदल, मूळ कर्नलच्या बाहेर सांभाळत होती आणि ऑडिओवाले ते पॅच लावलेलं कर्नल कुठून तरी मिळवून किंवा स्वतः कंपाइल करून वापरायचे. हे काम शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ कर्नलमध्ये मुख्य झाडात, म्हणजे मूळ कोडमध्ये सामील झालं. पण सामील झालं म्हणजे आपोआप चालू झालं असं नाही, कर्नल बांधताना तो पर्याय निवडावा लागतो आणि बहुतेक डिस्ट्रो (उबुंटू, फेडोरा अशा लिनक्सच्या तयार सिस्टिम) नेहमीच्या कर्नलमध्ये तो निवडत नाहीत. खरं सांगायचं तर बऱ्याच स्टुडिओंना त्याची गरजही नसते. हल्लीच्या साध्या कर्नलला बूट होताना फुल प्रीएम्प्शन (हातातलं काम थांबवून तातडीचं आधी घेणं) आणि थ्रेडेड आयआरक्यू (हार्डवेअरच्या हाकांना अग्रक्रम लावता येणं) हे दोन पर्याय दिले तरी १२८ चा बफर बहुतेक मशीनवर निभावतो, आणि उबुंटू स्टुडिओने तर वेगळं लो-लेटन्सी कर्नल सोडून नेहमीच्या कर्नलला असेच पर्याय लावायचा रस्ता धरला. शिवाय एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर रिअल-टाइम कर्नल दिसलं की बिल्ड व्हायलाच नकार देतो, त्यामुळे ते कार्ड असेल तर साधं कर्नलच बरं.

खरी उलथापालथ झाली ती साउंड सर्व्हरमध्ये, म्हणजे प्रोग्राम आणि साउंड कार्ड यांच्यात आवाजाची नेआण करणाऱ्या प्रोग्राममध्ये. सगळ्यात खाली ड्रायव्हरचा थर म्हणजे आल्सा, तो होता तिथेच आहे. त्याच्यावर घरगुती वापराला पल्सऑडिओ आणि स्टुडिओला जॅक अशी दोन वेगळी राज्यं कित्येक वर्षं होती. जॅक पॉल डेव्हिसने लिहिला, आर्डर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर पण त्याचंच. दोन्ही सर्व्हर एकाच कार्डावर हक्क सांगायचे, त्यामुळे जॅक चालू केला की ब्राउझरचा आवाज बंद, आणि त्यांच्यात पूल बांधायला लोकांनी काय काय स्क्रिप्ट लिहिल्यात त्याला तोड नाही. मग विम टायमन्सने सुरू केलेला पाइपवायर आला, एप्रिल २०२१ च्या फेडोरा ३४ मध्ये तो आवाजासाठी डिफॉल्ट झाला, उबुंटूत २२.१० पासून, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात त्याची १.० आवृत्ती निघाली. तो पल्सऑडिओच्या प्रोग्रामशी पल्सऑडिओसारखा आणि जॅकच्या प्रोग्रामशी जॅकसारखा वागतो.

म्हणून आजच्या घडीला जुन्या ऑडिओ मशीनचं अपग्रेड म्हणजे नवीन काही टाकण्यापेक्षा जुनं काढणं जास्त. होम फोल्डरमध्ये पडलेली जुनी आल्साची फाइल, लॉगिन झाल्या झाल्या जॅक चालू करणारी स्क्रिप्ट, पल्सऑडिओ बंद ठेवायचा जुगाड, बाहेरच्या रेपॉझिटरीतून आणलेलं कर्नल, हे सगळं नव्या सिस्टिममध्ये तसंच येतं आणि पाइपवायरच्या पायात पाय घालतं. खरा जॅक आणि पाइपवायरचा जॅकवाला भाग दोन्ही इन्स्टॉल असले की कुठला प्रोग्राम कुणाला जोडला जातोय तेच कळत नाही. पाइपवायरची नवी सेटिंगसुद्धा टिकेलच असं नाही, वायरप्लंबर नावाचा त्याचा मॅनेजर २०२४ मध्ये ०.५ आवृत्तीला आला तेव्हा लुआ भाषेत लिहिलेल्या जुन्या कॉन्फिग फाइल चालेनाशा झाल्या आणि सगळं नव्या पद्धतीने परत लिहावं लागलं. पाइपवायरचा बफर मुळात १०२४ असतो, तो कमी करायला विसरून 'नव्या आवृत्तीत लेटन्सी वाढली' म्हणून ओरडणारेही पुष्कळ. आणि रिअल-टाइम प्रायॉरिटी घ्यायची आणि मेमरी लॉक करायची परवानगी युजरला आहे ना तेही बघायचं, नवीन युजर बनवला असेल तर तो ऑडिओ ग्रुपमध्ये नसतोच. ग्रुपमध्ये टाकल्यावर लॉगआउट करून परत लॉगिन करायचं. आरटीसीक्यूएस नावाची छोटी स्क्रिप्ट हे सगळं तपासून काय राहिलं ते सांगते.

हार्डवेअरच्या बाजूने नवीन कर्नलचा फायदाच असतो. क्लास कंप्लायंट (वेगळा ड्रायव्हर न लागणारा) युएसबी इंटरफेस, म्हणजे बाहेरून जोडायचं साउंड कार्ड, लावला की चालतो, आणि फोकसराइटच्या स्कार्लेट मालिकेचा आतला मिक्सर लिनक्समधून चालवायची सोय जेफ्री बेनेटने लिहिलेल्या ड्रायव्हरमुळे कर्नलमध्येच आली, चौथ्या पिढीची लहान मॉडेल्स कर्नल ६.८ पासून. फायरवायर या जुन्या जोडणीचे इंटरफेस वापरणाऱ्यांनी मात्र पुढचा विचार करावा, कर्नलमधल्या त्या भागाची देखभाल २०२९ पर्यंत करायचा बेत सांगितलेला आहे.

प्रोजेक्टच्या फाइल्स हा वेगळा विषय. आर्डर जुनं सेशन नव्या आवृत्तीत उघडताना जुन्या सेशन फाइलची प्रत ठेवतो, पण नव्यात सेव्ह केलेलं जुन्यात उघडेल याची खात्री नाही, म्हणजे दोन मशीन असतील तर दोन्ही एकदमच पुढे न्यायची. एलव्ही२ किंवा लिनक्सचेच व्हीएसटी३ या प्रकारांतले प्लगइन (इफेक्ट, वाद्यं असे जोडप्रोग्राम) सहसा त्रास देत नाहीत. विंडोजचे प्लगइन वाइन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) आणि त्याला जोडणाऱ्या याब्रिजच्या जोरावर चालवणाऱ्यांचं तसं नाही, वाइनची आवृत्ती बदलली की प्लगइनच्या खिडकीत माउस भलतीकडेच लागणं वगैरे प्रकार होतात, ९.२२ पासून नेमकं तेच झालं आणि लोक वाइन जुन्या आवृत्तीवर अडकवून बसले. यावर खात्रीचा इलाज एकच, चालू कामाचे सगळे ट्रॅक इफेक्टसकट डब्ल्यूएव्ही करून ठेवायचे.

काम अर्धवट असताना अपग्रेडला हात लावू नये हे सगळेच सांगतात आणि बरोबर सांगतात, डेबियन स्टेबल किंवा उबुंटूच्या एलटीएसवर (लांब काळ देखभाल होणाऱ्या आवृत्तीवर) बसून दोनेक वर्षांनी एकदा हलणारे स्टुडिओ सुखी असतात. टाइमशिफ्ट या प्रोग्रामने सिस्टिमचा स्नॅपशॉट घ्यायचा, जुनं कर्नल बूट होताना दिसणाऱ्या ग्रबच्या मेन्यूत राहू द्यायचं, आणि जमलं तर नवीन सिस्टिम दुसऱ्या एसएसडीवर टाकून आठवडाभर वापरून बघायची, हा प्रकार मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. झाल्यावर खरं प्रोजेक्ट उघडून तासभर रेकॉर्डिंग लावून ठेवायचं आणि पाइपवायरच्या टॉप कमांडमध्ये एररचा आकडा वाढतोय का ते बघायचं. शेवटचं काम बरेच जण विसरतात ते असं की इंटरफेसच्या आउटपुटमधून इनपुटला केबल लावून येण्याजाण्याचा उशीर परत मोजायचा आणि तो आर्डरमध्ये भरायचा, कारण कर्नल आणि सर्व्हर बदलला की हा आकडा बदलू शकतो, आणि जुनाच राहिला तर नंतर घेतलेला प्रत्येक ओव्हरडब (आधीचं ऐकत वर केलेलं रेकॉर्डिंग) आधीच्या ट्रॅकपेक्षा थोडा पुढेमागे बसतो.