एआरसी की ईएआरसी? साउंडबार घेण्याआधी

लॅमिंग्टन रोडवर साउंडबार बघायला गेलं की विक्रेता लगेच विचारतो, "साहेब, टीव्हीला ईएआरसी आहे ना?" नाही म्हटलं तर असा चेहरा करतो, जणू तुमचा टीव्ही भंगारातच काढायला हवा. वेब सिरीज आणि सिनेमे ऑनलाइन बघणाऱ्या बहुतेक घरांना त्या चेहऱ्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं.

एआरसी म्हणजे ऑडिओ रिटर्न चॅनल, ईएआरसी ही त्याची सुधारित आवृत्ती. काम दोघांचं एकच: टीव्हीतला आवाज एचडीएमआय केबलमधून साउंडबारकडे पाठवणं. एआरसी आलं २००९ मध्ये, एचडीएमआय १.४ सोबत. त्यातून दोन चॅनलचा मूळ आवाज किंवा दाबून लहान केलेला ५.१ (सहा चॅनलचा सराउंड) जातो. ईएआरसी २०१७ च्या एचडीएमआय २.१ मधलं. त्यातून आठ चॅनल, २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचा आवाज न दाबता जातो, म्हणजे सेकंदाला जवळपास ३७ मेगाबिट.

आकडा दणदणीत आहे, पण नेटफ्लिक्सचा, आवाज चहूबाजूंनी आणि वरूनही आल्यासारखा वाटवणारा डॉल्बी अ‍ॅटमॉस सेकंदाला जास्तीत जास्त ७६८ किलोबिटचा असतो. तो डॉल्बी डिजिटल प्लस या दाबलेल्या फॉरमॅटमध्ये बांधलेला येतो आणि टीव्ही हा फॉरमॅट पुढे सोडत असेल तर साध्या एआरसीतूनही साउंडबारपर्यंत पोचतो. (काही जुने टीव्ही सोडत नाहीत, तेवढं तपासा. ऑप्टिकल केबलमधून तर तो जातच नाही.) ईएआरसीचा रुंद रस्ता खरा लागतो तो ब्लू-रे डिस्कवरच्या ट्रूएचडी या डॉल्बीच्याच अस्सल दर्जाच्या फॉरमॅटला, जो १८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. आता ब्लू-रे प्लेअर किती घरांत आहे?

ओठ आणि आवाज जुळवण्याची सोय ईएआरसीत सक्तीची आहे, एआरसीत ऐच्छिक. संवाद मागे पडल्याने डोकं उठत असेल तर हा फरक जाणवेल.

"ईएआरसी नाही म्हणून सराउंड येत नाही" असं म्हणणाऱ्यांच्या घरी मला वेगळाच संशय येतो. सिनेमा चालू असताना साउंडबारचा डिस्प्ले किंवा त्याचं अ‍ॅप बघा. तिथे 'पीसीएम' (म्हणजे न दाबलेला आवाज) दिसत असेल, तर बहुधा टीव्ही ५.१ चा आवाज स्वतःच उलगडून, दोन चॅनलमध्ये कोंबून पाठवतोय. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये 'डिजिटल ऑडिओ आउट' शोधा, 'पीसीएम'वरून 'ऑटो' किंवा 'पासथ्रू'वर आणा. डिस्प्लेवर 'डॉल्बी' उमटलं की काम झालं. तरीही नाही उमटलं तर केबल 'एआरसी' लिहिलेल्याच पोर्टमध्ये आहे का आणि सीईसी (एचडीएमआयने जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना चालवायची सोय) चालू आहे का ते बघा. सीईसीला सॅमसंग 'एनीनेट प्लस' म्हणतं, एलजी 'सिम्पलिंक'. शेवटी सिनेमाचा ऑडिओ ट्रॅक: एका भाषेचा ५.१ आणि दुसरीचा नुसता स्टिरिओ, असंही असतं. नेटफ्लिक्सवर अ‍ॅटमॉस हवा तर प्लॅनही वरचा लागतो.

केबलच्या बाबतीत दुकानदार '८के'वाली महागडी गळ्यात मारायला बघतो. एआरसी आणि ईएआरसी दोन्हींसाठी इथरनेटसह येणारी साधी हाय स्पीड एचडीएमआय केबल पुरते.

मग ईएआरसी कुणी बघावं? ज्यांच्या टीव्हीला ब्लू-रे प्लेअर, गेमिंग कन्सोल किंवा अ‍ॅपल टीव्ही फोरकेचा बॉक्स जोडलाय त्यांनी. हा बॉक्स अ‍ॅटमॉस दाबलेल्या रूपात पाठवत नाही, आधी उलगडतो. तो उलगडलेला गठ्ठा एआरसीत मावत नाही.

बॉक्स नवा आणि टीव्ही जुना असेल तरी टीव्ही बदलायची गरज नाही. 'एचडीएमआय इन' असलेला साउंडबार घ्या. बॉक्स थेट बारला जोडा आणि बारमधून चित्र टीव्हीकडे न्या. फक्त घेताना विचारा, "हा बार फोरके एचडीआर पुढे सोडतो का?" स्वस्त मॉडेलं इथेच अडतात.