मॅन्टिस श्रिंपचा टोला: स्नायू, खटका आणि स्प्रिंग

मॅन्टिस श्रिंप या खेकडा-कोळंबीच्या नात्यातल्या समुद्री प्राण्याच्या ठोशाला बंदुकीच्या गोळीचा वेग असतो, असं सर्रास लिहिलं जातं. ते खरं नाही. रंगीबेरंगी ‘पीकॉक’ जातीचा (ओडोन्टोडॅक्टिलस सायलॅरस) टोला सेकंदाला 14 ते 23 मीटर वेगाने बसतो. थक्क करतं ते त्याचं त्वरण: गुरुत्वत्वरणाच्या साधारण 6,600 ते 10,600 पट, आणि तेही पाण्याचा अडथळा कापत. कोणत्याही स्नायूला इतक्या झटक्यात आकुंचन पावणं शक्य नाही. मग हे जमतं कसं, हा प्रश्न पन्नासेक वर्षं टप्प्याटप्प्याने सुटत आला आहे.

पहिला धागा 1969 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ माल्कम बरोज यांना सापडला. स्क्विला आणि हेमिस्क्विला या मॅन्टिस श्रिंपच्या प्रकारांच्या स्नायूंतले विद्युत संकेत नोंदवताना त्यांना दिसलं की टोल्याआधी हात उघडणारा आणि मिटणारा असे दोन्ही स्नायू एकाच वेळी आकुंचन पावतात. हाताच्या ‘मेरस’ या जाड भागात उघडणारा मोठा स्नायू सावकाश ताण भरत राहतो. मिटणारा स्नायू त्यामानाने बारका, पण त्याच्या कंडरेत दोन कठीण तुकडे (स्क्लेराइट) असतात. ते मेरसच्या आतल्या उंचवट्याला अडकून खटक्याचं काम करतात. मिटणारा स्नायू सैल पडला की खटका सुटतो. म्हणजे वेग स्नायूचा नव्हेच. स्नायू फक्त गलोल ताणून धरतो.

पुढे रॉय काल्डवेल आणि ह्यू डिंगल यांनी या प्राण्यांचे भाला मारणारे आणि हातोडा मारणारे असे दोन गट मांडले. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात नको असलेला माल म्हणून येणारा स्क्विला भालेवाला. खरा वेग हातोडेवाल्यांचा.

तो मोजायला मात्र 2004 उजाडलं. टोला सरासरी 2.7 मिलिसेकंदांत संपतो. सेकंदाला 1,000 फ्रेम घेतल्या तर हाती जेमतेम तीन चित्रं लागतात आणि त्यांवरून त्वरण काढणं म्हणजे अंदाजपंचे. 5,000 फ्रेमला तेरा-चौदा मिळतात, तेव्हा कुठे आलेख उभा राहतो. शीला पाटेक, कॉर्फ आणि काल्डवेल यांनी असं चित्रीकरण करून हिशेब मांडला, तर दर किलो स्नायूमागे किमान 4.7 लाख वॅट शक्ती लागते असं निघालं. ती पुरवणारी स्प्रिंग म्हणून त्यांनी मेरसच्या वरच्या बाजूच्या खोगिराच्या आकाराच्या कवचाकडे बोट दाखवलं. ते चित्र पुढे बदललं. 2009 च्या चाचण्यांत मेरसच्या खालच्या बाजूच्या खनिजयुक्त पट्ट्याही स्प्रिंगचं काम करतात असं दिसलं. सगळा भार एकट्या खोगिरावर नाही.

त्याआधी, 2005 मध्ये, बलमापकावर टोले मारून घेताना एका टोल्याला दोन शिखरं उमटली, एकमेकांपासून 390 ते 480 मायक्रोसेकंदांवर. पहिलं हाताच्या आदळण्याचं, 400 ते 1,501 न्यूटन. दुसरं पाण्याचं. हाताच्या टोकाची मोगरी, म्हणजे आदळणारा जाड हातोडा, इतक्या वेगाने फिरते की पाण्याचा दाब कोसळतो, वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि फुटताना 504 न्यूटनपर्यंत दणका देतात. भक्ष्याला एका टोल्यात दोन तडाखे! पण याच कॅव्हिटेशनने जहाजांचे पंखे झिजतात, मग मोगरी कशी टिकते? 2012 मध्ये तिची रचना उलगडली: आदळणाऱ्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिअॅपटाइट हे हाडांतलं खनिज, आत कायटिनच्या (खेकडा-कीटकांच्या कवचातला पदार्थ) तंतूंचे किंचित वळत जाणारे थर. तडा त्या वळणांतच फिरत राहतो, आरपार जात नाही. तरी झीज होतेच. कात टाकली की नवी मोगरी मिळते.

खटक्याची गोष्ट मात्र अर्धीच होती. स्क्लेराइट सुटल्यावरही हात क्षणभर जागचा हलत नाही, हे चित्रणात दिसत होतं. 2021 मध्ये हार्वर्डच्या रॉबर्ट वुड यांच्या गटाने 1.5 ग्रॅमचा यंत्रहात बनवून कारण दाखवलं: सांध्यांची भूमितीच दुसरा खटका आहे. जोडणी एक ठरावीक बिंदू ओलांडेपर्यंत ताण अडकून राहतो, मग एकदम सुटतो.

या यंत्राने हवेत सेकंदाला 26 मीटर गाठले. जिवंत प्राणी उलटं करतो. 2020 मध्ये स्क्विला मॅन्टिस या भालेवाल्या जातीवरच्या प्रयोगांत हवेतला टोला पाण्यातल्याच्या निम्म्याच वेगाचा निघाला. पाण्याचा विरोध नसताना पूर्ण ताण सोडला तर आपलाच हात दुखावेल, म्हणून तो ताणच कमी भरत असावा. हे आधीच ठरवावं लागतं. एकदा खटका सुटला की टोला मध्येच आवरता येत नाही.