डोळ्यातील मेलॅनोमा

प्रौढांच्या नेत्रगोलातच उगम पावणाऱ्या कर्करोगांपैकी हा सर्वाधिक आढळणारा प्रकार. रंजितपटल (दृष्टिपटलामागचा रक्तवाहिन्यांचा थर), रोमक पिंड (बुबुळामागचा स्नायुमय भाग) आणि बुबुळाचा रंगीत पडदा यांतील रंगपेशींपासून तो होतो. दहातल्या साधारण नऊ गाठी रंजितपटलात असतात. तरीही तो दुर्मिळच आहे. अमेरिकेत दर दहा लाख लोकांमागे वर्षाला सुमारे ५ रुग्ण आढळतात. गोऱ्या वर्णाच्या, फिकट डोळ्यांच्या लोकांत त्याचे प्रमाण जास्त, भारतात बरेच कमी. आपल्याकडे डोळ्याचा कर्करोग म्हटले की लहान मुलांचा रेटिनोब्लास्टोमाच (दृष्टिपटलाचा कर्करोग) आधी आठवतो.

गाठ बऱ्याचदा मुकाट वाढते. नजर धूसर होते किंवा प्रकाशाच्या लखलखाटाचा भास होतो. काहींना चष्म्याचा नंबर काढायला गेल्यावर, डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी केली की गाठीचा पत्ता लागतो.

पूर्वी नेहमीचा उपचार एकच होता : डोळा काढून टाकणे. १९७८ मध्ये अमेरिकेतील नेत्रविकृतिशास्त्रज्ञ झिमरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळीच शंका काढली, की डोळा काढतानाच कर्कपेशी रक्तात ढकलल्या जात असाव्यात. या वादातून अमेरिकेत मोठी चाचणी उभी राहिली. मध्यम आकाराची गाठ असलेल्या १,३१७ रुग्णांपैकी काहींचा डोळा काढला. इतरांच्या डोळ्याला बाहेरून, गाठीच्या नेमक्या मागे, किरणोत्सारी आयोडीन-१२५ असलेली चकती काही दिवस टाचून ठेवली. २००१ मध्ये निष्कर्ष आला : जगण्याच्या प्रमाणात फरक नाही. डोळा वाचवता येतो हे त्यातून सिद्ध झाले. पण डोळा काढून जीव अधिक वाचत नाही, हेही त्याच आकड्यांत होते.

युरोपात या कामासाठी रुथेनियम-१०६ ची चकती रूढ आहे. तिच्या बीटा किरणांचा पल्ला काही मिलिमीटरच असल्याने ती जाड गाठींना पुरी पडत नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अणुइंधनाच्या किरणोत्सारी कचऱ्यातून रुथेनियम वेगळे काढून अशी चकती देशातच तयार केली असून दिल्लीच्या एम्समध्ये ती वापरली गेली आहे.

डोळ्यातली गाठ बहुतेकदा आटोक्यात येते, आणि तरीही जवळपास निम्म्या रुग्णांत रोग पुढे अन्यत्र, मुख्यतः यकृतात, उफाळतो. कधी दहा-पंधरा वर्षांनीही. गाठी दुपटीने वाढण्याचा वेग मोजून उलटे गणित मांडले, तर हे बीज निदानाच्या कित्येक वर्षे आधीच पडलेले असावे असे दिसते. म्हणून संशोधनाचा रोख डोळ्याकडून जनुकांकडे वळला.

त्वचेच्या मेलॅनोमात नेहमी दिसणारे बीआरएएफ जनुकातले उत्परिवर्तन (बिघाड) इथे सहसा नसते. बहुतेक गाठींत जीएनएक्यू किंवा जीएनए११ यांपैकी एक जनुक बिघडलेले असते (२००९-१०). नाव एक असले तरी हे दोन वेगळे रोग आहेत. कोणती गाठ पसरेल हे मात्र तिसऱ्या गुणसूत्रावरून कळते. त्याची एक प्रत नाहीशी झालेल्या रुग्णांना धोका मोठा, असे १९९६ मध्ये दिसले. उरलेल्या प्रतीवरचे बीएपी१ जनुकही अशा गाठींत बिघडलेले असते, हे अमेरिकेतील नेत्रकर्करोगतज्ज्ञ हार्बर यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवले. एकाच जनुकाच्या दोन्ही प्रतींवर घाव, ही कल्पना अमेरिकी आनुवंशिकीतज्ज्ञ नुडसन यांनी १९७१ मध्ये मांडली होती ती रेटिनोब्लास्टोमाच्या ४८ रुग्णांवरून. मुलांच्या डोळ्यातला धडा असा मोठ्यांच्या डोळ्यात पुन्हा भेटला.

भाकीत करता येऊ लागले तरी औषध नव्हते. त्वचेच्या मेलॅनोमात चमत्कार करणारी, रोगप्रतिकारशक्तीला चेतवणारी औषधे इथे फारशी चालत नाहीत. २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले टेबेंटाफस्प हे औषध एका टोकाने कर्कपेशीला धरते आणि दुसऱ्याने टी-पेशीला (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशीला) तिच्यापाशी ओढते. ३७८ रुग्णांच्या चाचणीत वर्षभरानंतर ते घेणाऱ्यांपैकी ७३ टक्के हयात होते, इतर उपचार घेणाऱ्यांपैकी ५९ टक्के. पण ते लागू पडते फक्त एचएलए-ए*०२:०१ हा ऊतक-प्रकार असणाऱ्यांना; युरोपीय वंशाच्या सुमारे निम्म्या लोकांत तो असतो, भारतीयांत त्या मानाने बराच कमी.