संगीताचा क्लास वेगळा, संगीतोपचार वेगळा

ठाण्यात विशेष मुलांचे पालक भेटले की हा प्रश्न निघतोच: "त्याला गाणं फार आवडतं, म्युझिक थेरपी लावू का?" बरेचदा त्या मुलाला चांगला गाण्याचा क्लास हवा असतो. कधी खरोखर उपचाराची गरज असते. दोन्हीकडे हार्मोनियम आणि ढोलकीच दिसते, म्हणून गल्लत होते.

क्लासमध्ये संगीत येणं हेच उद्दिष्ट. अलंकार, सरगम, ताल, पुढे गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक, प्रवेशिका या परीक्षा. संगीतोपचारात सूर चुकला तरी काही बिघडत नाही, कारण उद्दिष्ट संगीताबाहेरचं असतं: आपली पाळी येईपर्यंत थांबणं, सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर होणाऱ्या परिणामामुळे) आखडलेला हात खंजिरीपर्यंत नेणं, 'अजून' किंवा 'पुरे' हे कसंही करून सांगणं.

समजा, न बोलणाऱ्या मुलीने डफावर दोन थापा मारल्या. थेरपिस्ट तशाच दोन थापांनी उत्तर देतो आणि थांबतो. ती तीन मारते, तोही तीन. शब्दांशिवाय संवाद सुरू झाला. मूल जे वाजवेल त्यावरच पुढचं रचायचं, ही पद्धत संगीतकार पॉल नॉर्डॉफ आणि विशेष शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स यांनी 1959 पासून अपंग मुलांसोबत काम करत घडवली. ओळखीच्या गाण्याचा शेवटचा शब्द गाळून वाट पाहणं किंवा चालताना अडखळणाऱ्या मुलाला ठेक्यावर पावलं टाकायला लावणं हेही उपचारातलंच. मात्र प्रत्येक वेळी काय बदललं याची नोंद हवी. नोंदच होत नसेल तर त्याला मी उपचार म्हणणार नाही.

फायदा किती? 2017 साली नऊ देशांतल्या 364 ऑटिस्टिक मुलांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच महिन्यांच्या संगीतोपचारानंतरही सामाजिक लक्षणांत ठळक फरक दिसला नाही. कॉक्रेन ही संस्था अनेक अभ्यास एकत्र तपासते; ऑटिझममधल्या संगीतोपचारावरच्या तिच्या 2022च्या आढाव्यात 26 अभ्यास आणि 1,165 व्यक्ती होत्या; त्यात एकूण सुधारणेची शक्यता वाढते आणि जीवनमान सुधारतं असं आढळलं. म्हणजे आशा आहे, पण स्पीच थेरपी किंवा ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) बंद करून हे लावू नका. अमुक रागाने अमुक आजार बरा होतो, असं सांगणाऱ्यांपासून तर दूरच राहा.

पुनर्वसन क्षेत्रातल्या व्यावसायिकांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या यादीत संगीतोपचारक ही स्वतंत्र नोंद नाही, त्यामुळे पाटी कुणीही लावू शकतं. आधी मुलाचं मूल्यमापन करून घ्या. वाशीचं नवी मुंबई महापालिकेचं अपंगांसाठीचं ईटीसी केंद्र किंवा बौद्धिक अपंगत्वावर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचं (एनआयईपीआयडी) खारघरचं प्रादेशिक केंद्र आपल्या टप्प्यात आहे. मग थेरपिस्टना विचारा: प्रशिक्षण कुठे झालं, तीन महिन्यांचं उद्दिष्ट कोणतं, ते लेखी द्याल का?

आणि मुलाला नुसतं गायचंच असेल तर? गाऊ द्या. आपल्या मुलांच्या प्रत्येक आवडीला उपचाराचं लेबल लावायची घाई मला खटकते. सांस्कृतिक जीवनात भाग घेणं हा अपंग व्यक्तींचा हक्क आहे, आणि तो मान्य करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने 2007 मध्येच शिक्कामोर्तब केलं. क्लास लावताना बाईंना एवढं आधी सांगा: झांजेचा कर्कश आवाज सोसत नाही, मध्येच उठून फेरी मारली तर रागावू नका, परीक्षेचा आग्रह नको.