एदुआर्दो कामाव्हिंगा : सुरुवातीची कारकीर्द

कामाव्हिंगा, एदुआर्दो : (१० नोव्हेंबर २००२ – ). फ्रेंच व्यावसायिक फुटबॉलपटू. डाव्या पायाने खेळणारा मिडफिल्डर (मधल्या फळीतला खेळाडू). त्याचा जन्म अंगोलाच्या काबिंदा प्रांतात, मिकोंजे येथील निर्वासित छावणीत झाला. आईवडील मूळचे काँगोचे, तिथल्या युद्धामुळे परागंदा झालेले. कामाव्हिंगा लहान असतानाच हे कुटुंब फ्रान्सला आले आणि पुढे ब्रिटनी प्रांतातल्या फूजेर या छोट्या गावात स्थिरावले.

घरात चेंडू खेळताना तो वस्तू फोडत असे, म्हणून आईने त्याला गावातल्या द्रापो-फूजेर या हौशी क्लबात घातले. तेव्हा तो सात वर्षांचा होता. अशा छोट्या क्लबांच्या सामन्यांवर फ्रान्समधल्या मोठ्या क्लबांच्या अकादमींची, म्हणजे प्रशिक्षण केंद्रांची, नजर असते. फूजेरच्या मैदानावरून रेन या क्लबाने त्याला हेरले आणि अकराव्या वर्षी आपल्या अकादमीत घेतले. सिल्व्हाँ विल्तोर, योआन गुरकुफ, उस्मान देंबेले हे खेळाडू याच क्लबाच्या अकादमीत घडले. २०१३ मध्ये कुटुंबाचे नवे घर आगीत जळाले. त्या वेळी तो शाळेत होता. घराला पुन्हा उभे करायचे ते तूच, असे वडिलांनी तेव्हा सांगितल्याची आठवण त्याने पुढे मुलाखतींतून सांगितली आहे. दहा-अकरा वर्षांच्या पोरासाठी हे ओझे मोठे होते.

१४ डिसेंबर २०१८ रोजी, सोळा वर्षे पूर्ण झाल्यावर महिनाभराने, त्याने रेनशी पहिला व्यावसायिक करार केला. ६ एप्रिल २०१९ रोजी आँजेविरुद्ध ३-३ असा बरोबरीत सुटलेल्या सामन्यात तो बदली खेळाडू म्हणून प्रथम मैदानात उतरला. रेनकडून खेळलेला तो तेव्हाचा सर्वांत लहान खेळाडू ठरला. हा विक्रम २०२१ मध्ये मातिस तेलने मोडला.

त्याचे नाव फ्रान्सभर झाले ते १८ ऑगस्ट २०१९ रोजी. पॅरिस सेंट-जर्मेनविरुद्धच्या सामन्यात त्याने डावीकडून उचलून दिलेल्या चेंडूवर रोमाँ देल कास्तियोने हेडरने गोल केला आणि रेनने सामना २-१ असा जिंकला. पण त्या संध्याकाळी खरे पाहण्यासारखे होते ते त्याचे मधल्या फळीतले काम. अंगावर दोघे धावून आले तरी चेंडू घाईने मागे न देणे, योग्य क्षणी पाय घालून तो हिसकावणे आणि तिथूनच पुढची चाल सुरू करणे, हे सोळाव्या वर्षी फार थोड्यांना जमते. लीग १ या फ्रान्सच्या अव्वल साखळी स्पर्धेतील ऑगस्ट महिन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. गोलांच्या आकड्यांत मात्र हा खेळाडू सापडत नाही. रेनकडून खेळलेल्या ८८ सामन्यांत त्याचे गोल दोनच. पहिला १५ डिसेंबर २०१९ रोजी ल्यों येथे, ८९व्या मिनिटाला. त्याच एका गोलावर रेनने सामना जिंकला. कोविडमुळे अर्ध्यावर थांबलेल्या त्या हंगामात रेन तिसरे आले आणि क्लबाला प्रथमच चॅम्पियन्स लीग या युरोपातील अव्वल क्लबांच्या स्पर्धेचे दार उघडले.

नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याला फ्रेंच नागरिकत्व मिळाले. काही दिवसांतच तो २१ वर्षांखालील संघात निवडला गेला. पुढच्या ऑगस्टमध्ये पॉल पोग्बाला कोविडची लागण झाल्यामुळे प्रशिक्षक दिदिए देशाँ यांनी त्याला मुख्य संघात बोलावले. ८ सप्टेंबर २०२० रोजी क्रोएशियाविरुद्ध तो एन्गोलो कांतेच्या जागी उतरला. इतक्या लहान वयात फ्रान्सकडून खेळण्याची १९१४ नंतरची ही पहिलीच वेळ. महिन्याभरात, युक्रेनवर ७-१ अशा विजयात, त्याने नवव्याच मिनिटाला ओव्हरहेड किकवर (पाठमोरे होऊन डोक्यावरून मारलेल्या फटक्यावर) गोल केला.

रेनबरोबरचा करार २०२२ मध्ये संपणार होता आणि त्याचे नूतनीकरण झाले नव्हते. त्यामुळे क्लबाला मोबदला मिळवायचा तर विक्रीवाचून फारसा पर्याय उरला नाही. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी, खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या शेवटच्या दिवशी, तो रेआल माद्रिद या स्पॅनिश क्लबात दाखल झाला. १२ सप्टेंबरला सेल्ता व्हिगोविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात, मैदानात उतरल्यावर सहा मिनिटांत त्याने गोल केला.

माद्रिदमध्ये मधली फळी कासेमिरो, क्रूस आणि मॉड्रिच या तिघांची होती. प्रशिक्षक कार्लो अँचेलोत्ती त्याला बहुतेक वेळा उत्तरार्धात, दमलेल्या तिघांपैकी एकाच्या जागी उतरवत. बाकावरून येणाऱ्या खेळाडूकडे दुय्यम म्हणून पाहण्याची आपली सवय इथे चुकीची ठरते. २०२२ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये पॅरिस, चेल्सी आणि मँचेस्टर सिटी या तिघांविरुद्ध घरच्या मैदानावर माद्रिद अडचणीत असतानाच तो उतरला आणि तिन्ही वेळा खेळाचा वेग बदलला. सिटीविरुद्ध ९०व्या मिनिटाच्या गोलाची सुरुवात त्याच्या लांब पासने झाली. बेन्झेमाने तो चेंडू आत वळवला आणि रॉद्रिगोने जाळ्यात टाकला. त्या हंगामात ला लिगा (स्पेनची अव्वल साखळी स्पर्धा) आणि चॅम्पियन्स लीग ही दोन्ही विजेतेपदे त्याच्या वाट्याला आली.

कतारमधील विश्वचषकात देशाँ यांनी त्याला डाव्या बाजूचा बचावपटू म्हणून वापरले. १८ डिसेंबर २०२२ च्या अंतिम सामन्यातही तो ७१व्या मिनिटाला तेओ हर्नांदेझच्या जागी त्याच ठिकाणी खेळायला उतरला. तेव्हा फ्रान्स ०-२ ने मागे होते. निर्धारित वेळेत २-२ आणि जादा वेळेत ३-३ अशी बरोबरी झाली. पेनल्टींवर अर्जेंटिना जिंकले.