'शकायचो' आणि 'शकलो': 'कुड' कुठे, 'वॉज एबल टू' कुठे

'कॅन' कुणाला शिकवायला नको. त्याच्यापुढे 'टू' येत नाही, 'ही' असला तरी त्याला 'एस' लागत नाही, हे शाळेतच पक्कं झालेलं असतं. वर्तमानकाळात 'आय कॅन' आणि 'आय अ‍ॅम एबल टू' यांत फरक असलाच तर सुराचा. बोलताना सरळ 'कॅन' घ्यावं, दुसरं कागदी वाटतं. भविष्यकाळात 'विल कॅन' म्हणता येत नाही, म्हणून 'विल बी एबल टू'. इथवर कुणी अडत नाही.

अडतं ते भूतकाळात. गाइडांमध्ये एक तक्ता छापलेला असतो: 'कॅन'चा भूतकाळ 'कुड', 'विल'चा 'वुड', 'मे'चा 'माइट'. मुलं तो घोकतात आणि पुढे जन्मभर 'शकलो' आलं की डोळे झाकून 'कुड' लिहितात. 'यस्टरडे आय कुड सबमिट द फॉर्म.' इंग्रजीत हे वाक्य चूक आहे, आणि तरीही ते शिक्षकांच्या वहीतपासणीतून बिनदिक्कत सुटतं याची मला मनापासून चीड येते.

'कुड' अंगात असलेली क्षमता सांगतं. एकदा घडलेली गोष्ट सांगणं हे त्याचं काम नाही. 'कॅन'चं मूळ जुन्या इंग्रजीतल्या 'जाणणे', 'एखादी गोष्ट कशी करायची ते ठाऊक असणे' या अर्थाच्या क्रियापदात आहे. जाणणं ही स्थिती झाली. म्हणून 'शी कुड स्विम व्हेन शी वॉज फाइव्ह' बरोबर: पाचव्या वर्षी तिला पोहता यायचं. पण काल नदीला पाणी असताना ती पोहत पलीकडच्या काठाला लागली, तर तिथे 'शी वॉज एबल टू स्विम अक्रॉस' किंवा 'शी मॅनेज्ड टू' हवं. क्षमता होती आणि त्या दिवशी काम झालंही, हे दोन्ही त्यात येतं.

खरं तर मराठी माणसाने इथे चुकायचं काही कारण नाही. हा फरक आपण दिवसभर करतो. 'तो पूर्वी एका दमात गड चढू शकायचा' आणि 'तो काल गड चढू शकला' यांची आपण कधी गल्लत करतो का? मग परीक्षा सोपी आहे. मनात 'शकायचा', 'शकत असे', 'यायचं' बसत असेल तर 'कुड'. 'शकला', 'जमलं', 'आलं' बसत असेल तर 'वॉज एबल टू'. तक्त्याऐवजी एवढं शिकवलं तरी पुरे.

मुलाखतीत ही चूक महागात पडते. 'इन माय लास्ट जॉब आय कुड रिड्यूस द एरर्स.' उमेदवाराला सांगायचं असतं की मी चुका कमी केल्या. पण 'कुड' शक्यतेसाठीही वापरतात ('वी कुड टेक द नेक्स्ट ट्रेन' म्हणजे पुढची गाडी घेता येईल). त्यामुळे समोरच्याला वाटतं, करता आल्या असत्या किंवा करता येतील, पण केल्या की नाही? तो पुढच्या 'इफ'ची किंवा 'बट'ची वाट बघत राहतो आणि केलेलं काम वाया जातं. अशा जागी माझं ठाम मत: 'एबल टू'सुद्धा नको, सरळ 'आय रिड्यूस्ड द एरर्स' म्हणा. फार खटपट करावी लागली असेल तर 'मॅनेज्ड टू'.

नकारात मात्र हा भेद उरत नाही. 'आय कुडन्ट सबमिट द फॉर्म' काल एकदाच घडलं असलं तरी चालतं, कारण काम झालंच नाही. 'हार्डली' आणि 'ओन्ली' यांच्याबरोबरही चालतं: 'वी कुड ओन्ली गेट टू टिकिट्स'. पाहणं, ऐकणं, वास येणं, आठवणं, समजणं या क्रियापदांनाही सूट आहे. 'आय कुड हिअर द टेम्पल बेल' हे एका संध्याकाळबद्दल असलं तरी बिनचूक, कारण ऐकू येणं ही त्या वेळची स्थितीच असते.

'कुड हॅव' म्हणजे 'शकलो असतो'. 'आय कुड हॅव कॉट द ट्रेन' म्हटलं की गाडी चुकली. गाडी मिळाल्याची बातमी या शब्दांत देणारे मेल रोज कुठल्या ना कुठल्या ऑफिसातून जात असतात.

आणि 'आय कुड एबल टू'? असा प्रयोग इंग्रजीत नाही. 'कुड'नंतर क्रियापदाचं मूळ रूप लागतं आणि 'एबल' हे विशेषण आहे. त्याच्याआधी 'बी' लागतोच. आपल्याकडे हा प्रयोग इतका रुजलाय की खटकेनासा झालाय. लिहिताना दिसला तर 'कुड' खोडा आणि तिथे 'वॉज' लिहा. दहातल्या नऊ वेळा वाक्य तेवढ्यानेच सुधारतं.