व्यसन लागण्याआधीचा खर्च

तरुणांना व्यसनापासून दूर ठेवायला नगरपालिकेला निधी मिळाला की आधी फलक छापले जातात, मग व्याख्याने होतात आणि उरलेली रक्कम वर्ष संपता संपता कशीबशी खर्ची पडते. यातून व्यसन घटत नाही. अमेरिकेत पोलीस वर्गात येऊन शिकवत त्या ‘डेअर’च्या जुन्या अभ्यासक्रमाची अनेकदा तपासणी झाली. मुलांना माहिती मिळाली, वागण्यात टिकाऊ फरक पडला नाही.

आइसलँडने सुरुवात केली ती प्रश्नावलीपासून. शाळेत मुलांनी ती निनावी भरायची: रात्री किती उशिरापर्यंत बाहेर असता, आईवडिलांना तुमचे मित्र ठाऊक आहेत का, आठवड्यात किती वेळा खेळायला जाता. निकाल देशाच्या सरासरीत विरघळू न देता गावागणिक, शाळेगणिक परत द्यायचे, तेही काही आठवड्यांत. दोन वर्षांनी अहवाल आला तर ती मुले शाळा सोडून गेलेली असतात. राजधानी रेक्याविकची महापालिका खेळ-संगीताच्या वर्गांच्या फीसाठी दर मुलामागे वार्षिक रक्कम देते. महिनाभरात दारूची नशा केलेली 15-16 वर्षांची मुले 1998 मध्ये 42 टक्के होती, 2016 मध्ये 5 टक्के. (त्या काळात इतर अनेक देशांतही किशोरांचे पिणे घटले, त्यामुळे सगळे श्रेय या योजनेला देता येत नाही.)

मात्र मोकळी खोली आणि कॅरम देऊन भागत नाही. प्रशिक्षक नसलेल्या जागेत, त्यातही आधीच वाट चुकलेली मुले एकत्र आणली, की ती एकमेकांकडूनच नको ते शिकतात. म्हणून इमारतीआधी प्रशिक्षकाचा पगार धरावा.

निधी किती वर्षे पुरवायचा, हा खरा पेच. अमेरिकेच्या 1997 च्या कायद्यानुसार पालक, शाळा, पोलीस, डॉक्टर अशा 12 गटांच्या स्थानिक आघाडीला वर्षाला आधी 1,00,000 आणि पुढे 1,25,000 डॉलरपर्यंत अनुदान मिळू लागले, 5 वर्षे आणि पुन्हा 5. आघाडीने सुरुवातीला तेवढाच वाटा उचलायचा. शेवटच्या दोन वर्षांत तो दीडपट होतो. अनुदान थांबेपर्यंत गावाला भार पेलायची सवय व्हावी, हा हेतू. पण स्वयंसेवकांचे तास आणि फुकटची सभागृहेही वाट्यात धरता येतात. कागदावर हिशोब जुळतो, आणि अनुदान संपताच समन्वयकाच्या पगाराला पैसे नसतात. तो गेला की बैठका बंद पडतात. त्यामुळे निदान हे एक पद पहिल्या वर्षापासूनच पालिकेच्या नियमित अंदाजपत्रकात हवे, आणि पहिले सर्वेक्षण काम सुरू होण्याआधीच झालेले हवे. नंतर ते करून घेता येत नाही.